छोटी डर्ट बाइक, नाशिकची माती आणि तासांची वही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही १५० सीसीच्या आतली, एअर-कूल्ड, कार्बोरेटरवाली डर्ट बाइक जुनी घेतलीत. तिला मीटर नाही, हेडलाइट नाही, पासिंग नाही. दिंडोरी रस्त्याला तुमच्या मळ्यात आणि मागच्या टेकडीवर चालवता, कधी पिकअपमध्ये टाकून लांब नेता. थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट-फट आवाज येतो. चेन दर आठवड्याला ढिली पडते. एकदा आडवी पडली की दहा मिनिटं किक मारत बसावं लागतं. जवळच्या गॅरेजवाल्याने ‘विकून टाका’ म्हणून सांगितलं. आता तुम्ही विचारता, या गाड्या अशाच असतात की मी फसले?

तुम्ही लिहिलंय त्यावरून फसलेल्या वाटत नाही. मी एकवीस वर्षं सातपूरला गाड्यांचं काम करतो, त्यातली बारा-तेरा वर्षं अशा छोट्या डर्ट बाइकही हाताखालून जातात आणि माझी स्वतःची एक आहे. तुमच्या चार तक्रारींपैकी दोन हा गाडीचा स्वभाव आहे, एक ट्युनिंगची आहे आणि एक मातीची. गॅरेजवाल्याचाही फार दोष नाही. त्याच्याकडे दिवसभर रस्त्यावरच्या गाड्या येतात. त्यांची सर्व्हिस किलोमीटरवर ठरते. तुमच्या गाडीला किलोमीटरच नाहीत. ती अर्धा दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत-ओरडत डोंगर चढते आणि अंतर मोजलं तर जेमतेम पंचवीस किलोमीटर भरतं. म्हणून हिचा हिशेब तासांत ठेवायचा, आणि ते तास कुठल्या मातीत गेले ते शेजारी लिहायचं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा तासमापक बाजारात मिळतो, तो लावा. नसेल तर साधी वही पुरे. माझ्या वहीत ‘२ तास, सिन्नर, धुरळा’ आणि ‘२ तास, हरसूल, चिखल’ या दोन वेगळ्या नोंदी असतात, कारण त्यांच्यानंतर करायचं काम वेगळं असतं.

मातीचं एवढं का सांगतोय, तर आपल्या जिल्ह्यासारखी गंमत फार थोड्या ठिकाणी आहे. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिन्नरच्या पूर्वेला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. पन्नास-साठ किलोमीटरांत तीन तऱ्हांची जमीन. त्र्यंबक-हरसूल-पेठकडे तांबडा, रवाळ चिखल. निफाड आणि गोदाकाठची काळी, चिकण माती. सिन्नर-नांदूरकडे मुरूम आणि धुरळा. तांबडा चिखल ब्रेक खातो, काळी माती चेन खाते आणि मुरमाचा धुरळा थेट इंजिन खातो. तुमच्या मळ्यात काळी आहे आणि टेकडीवर मुरूम, म्हणजे दोन्हींचा त्रास तुमच्या वाट्याला आलाय.

आधी सुरू होण्याचं बघू. थंडीत चोक लागणं हा आजार नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा चार-पाचावर जातो, दिंडोरीलाही फार वेगळं नसतं. एवढ्या थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीला सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावंच लागतं, चोक त्यासाठीच आहे. चोक पूर्ण ओढा, थ्रॉटलला हात लावू नका, किक मारा. सुरू झाली की अर्ध्या-एक मिनिटाने चोक अर्धा करा, मग बंद. थ्रॉटल पिळत पिळत किक मारायची सवय आपल्या सगळ्यांना स्कूटरमुळे लागली आहे. इथे त्याने उलट होतं, हवाच जास्त जाते.

पण चोक बंद केल्यावर पाच-सात मिनिटांनीही गाडी ‘स्लो’वर, म्हणजे थ्रॉटल न देता, उभी राहत नसेल आणि थ्रॉटल सोडल्यावर फट-फट करत असेल, तर ती लीन चालते आहे. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. याचं एक कारण सध्या सगळ्याच जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना लागू आहे. पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला जळायला साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. मिश्रणाला मग साडेतेरा पटीच्या आसपास पुरते. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या सेन्सरवरून समजून घेतात आणि पेट्रोल वाढवतात. कार्बोरेटरला समजत नाही. त्याच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, भोक जेवढं आहे तेवढंच. शिवाय या छोट्या गाड्या प्रदूषणाच्या नियमात बसाव्यात म्हणून बऱ्याचदा कारखान्यातूनच जरा लीन सोडलेल्या असतात. दोन्ही मिळून थंडीत अडचण होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, त्यामुळे मिश्रण थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं, पण इथेनॉलने आलेली तूट भरून निघेल इतकं नाही.

उपाय स्वस्त आहे, पण क्रम चुकवू नका. पहिल्यांदा बघा की हवा दुसरीकडून तर शिरत नाही ना. सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे जोडतो तिथे काजळीचा काळा डाग असेल तर गॅस्केट गळतंय, आणि निव्वळ त्यानेही फट-फट होते. कार्बोरेटर आणि हेडच्या मधला रबरी मॅनिफोल्ड वाकवून बघा, बारीक चिरा पडलेल्या असतात. गाडी स्लोवर ठेवून त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला आणि आवाज बदलला, तर चीर आरपार आहे. हे दोन्ही ठीक असेल तरच कार्बोरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूकडे वळा.

आपल्याकडे सगळेच त्याला ‘एअर स्क्रू’ म्हणतात, पण तो दोन प्रकारचा असतो आणि दोघांची चाल उलटी. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की मिश्रण रिच होतं. इंजिनच्या बाजूला, बहुधा खालून असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर फिरवला की रिच होतं. तुमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने तिसऱ्यांदा ट्युनिंग करूनही फरक पडला नाही असं तुम्ही लिहिलंय, तिथे मला हीच शंका आहे. इंजिन गरम करा. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, किती फेरे झाले ते मोजून ठेवा, जोर लावू नका, टोक मोडलं तर कार्बोरेटर गेला. मग हळूहळू बाहेर घेत जा आणि जिथे स्लो सगळ्यात वर आणि एकसारखा लागेल तिथे थांबा. तुमचा पेट्रोलचा स्क्रू असेल आणि तीन फेऱ्यांच्या पुढे जाऊनही गाडी सुधारतच राहिली, तर पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारा छोटा जेट, लहान आहे. एक नंबर मोठा जेट टाका. एकदम दोन नंबर उडी मारू नका. मेन जेटला सध्या हातच लावू नका, तो वरच्या थ्रॉटलचा विषय आहे आणि तुमची तक्रार खालची आहे.

जेट लहान आहे की नुसता बुजलाय हेही आधी बघावं लागतं. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की बाउलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकटा राहतो. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, ते बुजायला काही लागत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात जास्तच. ते पाणी बाउलच्या तळाशी बसतं आणि लोखंडी टाकी असेल तर आतून गंज धरतो. म्हणून उभी करण्याआधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि बाउलमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. एवढी एक सवय लावलीत तर वर्षाकाठी कार्बोरेटर खोलायची वेळ निम्म्याने कमी होईल. जेट साफ करताना लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालेलं डोळ्याला दिसतही नाही. नायलॉनचा तंतू, कार्ब क्लीनर आणि हवेचा फुंकर, बस.

पडल्यावर सुरू न होणं हा शुद्ध स्वभाव. आडवी पडली की बाउलमधलं पेट्रोल इंजिनात उतरतं आणि प्लग भिजतो. उचलल्या उचलल्या चोक ओढून किक मारली की आणखी भिजतो. कॉक बंद करा, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सहा-आठ सावकाश, लांब किका मारा, म्हणजे आतलं जादा पेट्रोल बाहेर पडेल. मग कॉक उघडा, थ्रॉटल सोडा आणि एक नीट किक. तुमच्या मॉडेलची किक गिअरमध्ये लागते की न्यूट्रलच हवं, तेही सपाटीवर एकदा तपासून घ्या. चढावर मध्येच बंद पडल्यावर ते शोधत बसायची वेळ येऊ नये. आणि ओढा ओलांडताना गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचाच नाही. आधी बाहेर काढा, प्लग काढा, किक मारून पाणी गेलं नाही ना याची खात्री करा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बऱ्याचदा मात्र इंजिनात पाणी गेलेलं नसतंच. कार्बोरेटरच्या खाली लोंबणाऱ्या हवेच्या नळ्यांची तोंडं पाण्यात बुडाली की बाउलला हवा मिळत नाही आणि पेट्रोल यायचं थांबतं. एका नळीला टी-जोड घालून एक टोक टाकीखाली वर नेऊन बांधा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता एअर फिल्टर. सगळं उत्तर विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सिन्नरकडच्या मुरमाच्या उतारांवर आम्ही चौघं गेलो होतो. आदल्या रात्री मी फिल्टर धुतला होता. सकाळी घाईत बसवला आणि फोमची एक कड आत दुमडली गेली, माझ्या हातून. पुढच्या गाडीचा धुरळा खात अडीच तास चालवली. संध्याकाळी परत येताना गाडीचा जोर गेलेला आणि सायलेन्सरमधून निळसर धूर. दुसऱ्या दिवशी हेड उघडलं तर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभे ओरखडे, रिंगांना बोट लावलं तर कडा नाहीशा झालेल्या. नवा पिस्टन, बोअर, दोन आठवडे गाडी बाकावर. अडीच तासांत. आपल्या धुरळ्यात काय असतं ते बघायचं असेल तर सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे. तिथे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक मांडलेत. त्याच दगडाची झीज होऊन आपला मुरूम होतो, आणि त्यातला गारगोटीचा कण लोखंडावर ओरखडा काढू शकतो. तो कण पिस्टन आणि बोअरच्या मध्ये गेला की घासकाम सुरू.

म्हणून धुरळ्यात चालवली की प्रत्येक वेळी फिल्टर. ओल्या दिवसांत दोन-तीन वेळा चालवून झाल्यावर. फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊ नका. फोमचे जोड उकलतात आणि बंद खोलीत ते धोक्याचंही आहे. आधी रॉकेल सर्रास वापरायचो, आता ते सहज मिळत नाही, थोडं डिझेल चालतं. त्यात दाबून-सोडून मळ काढा, मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा. कपडा पिळतो तसा पिळायचा नाही, फाटतो, मुठीत दाबायचा. रात्रभर सावलीत वाळवा. नंतर फिल्टर ऑइल लावा आणि सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत दाबत राहा. कोरडा फोम मुरमाचा बारीक धुरळा अडवत नाही, तेलाचा चिकटपणा अडवतो. फिल्टर ऑइल नसेल तर इंजिन ऑइल लावा, एक-दोन दिवसांत खाली निथळतं पण कोरड्यापेक्षा लाख पटीने बरं. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर, आणि बोट फिरवून सगळीकडून कड टेकली की नाही ते बघा. माझ्याकडे दोन फिल्टर आहेत, एक गाडीत आणि एक तेल लावून पिशवीत बांधलेला. त्यामुळे घाई हा प्रकारच उरला नाही.

फिल्टर काढल्यावर आतल्या नळीत पांढरा स्वच्छ फडका फिरवा. फडक्यावर धूळ आली तर फिल्टरला चुकवून धूळ आत जाते आहे, आणि तोपर्यंत गाडी चालवायची नाही. तुमची गाडी जुनी घेतलेली आहे, त्यामुळे ही तपासणी आजच करा. आधीच्या मालकाने काय केलंय ते यातून जेवढं कळेल तेवढं पावतीपुस्तकातून कळणार नाही. एअरबॉक्सच्या तळाला पाणी निथळायची नळी असते तीही बघा. आणि गाडी मळ्यातल्या शेडमध्ये ठेवत असाल तर महिन्यातून एकदा एअरबॉक्स उघडाच. उंदरांना तो फोम फार आवडतो, ओझरच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी पिलांसकट घर पाहिलंय. कुंभारीण माशीही हवेच्या नळ्यांत मातीची घरं करते. नळी बुजली की गाडी दहा मिनिटं छान चालते आणि मग बंद पडते, कारणच सापडत नाही.

चेनचं बोलू. दर आठवड्याला ढिली होणारी चेन बहुतेक संपलेली चेन असते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटाने बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन गेली. चाक फिरवत चार ठिकाणी ढील मोजा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तरी गेली. मग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, नव्या चेनला जुने दात लावले तर ती दोन महिन्यांत तशीच होते.

पण दुसरीही शक्यता आहे. ढिली पडते म्हणून कोणीतरी ती रस्त्याच्या गाडीसारखी ताठ करून ठेवत असेल. डर्ट बाइकच्या मागच्या सस्पेन्शनचा प्रवास मोठा असतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मची) खीळ आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणली जाते. गाडी स्टँडवर असताना बरोबर वाटणारी चेन उडीनंतर खाली बसताना गिटारच्या तारेसारखी होते आणि ओढ गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येते. मॅन्युअलमध्ये दिलेली ढील धरा, बहुतेक छोट्या गाड्यांना ती ३५ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान असते. खात्री करायची तर दोन जणांना सीटवर बसवून चिमटा त्या रेषेत आणा, तिथेही थोडी ढील उरलीच पाहिजे. काळ्या मातीत आणखी एक होतं. चिखलाचे गोळे स्प्रॉकेटवर बसतात आणि चालता चालता चेन आपोआप ताठ होते. म्हणून पावसाळ्यात मी ढील वरच्या बाजूलाच ठेवतो. पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढून आतली माती खरवडणं हे काम कोणी करत नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. वाळली की ती विटेसारखी होते आणि शाफ्टचं ऑइल सील कुरतडते. साफ करायला डिझेल आणि नरम ब्रश, तारेचा नको. नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल हलक्या हाताने. धुरळ्याच्या दिवसांत जास्त तेल लावू नका, त्यावर मुरूम बसून कानस तयार होते.

इंजिन ऑइल या गाड्यांत लिटरच्या आसपास मावतं. तेवढ्याशा तेलावर क्लच, गिअर आणि पिस्टन, सगळ्यांचा भार. मी पंधरा-वीस तासांना बदलतो, खोल पाण्यात गेलो तर लगेच इंजिनवरच्या तेलाच्या काचेतून बघतो. दुधाळ दिसलं की पाणी गेलंय, त्याच दिवशी बदला. डब्यावर जासो एमए (JASO MA, तेलातल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं घ्या. कारचं तेल क्लच घसरवतं.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या फटीबद्दल, एक गैरसमज दूर करतो. टॅपेटचा बारीक टिकटिक आवाज असला की लोक घाबरतात आणि मेकॅनिक तो आवाज जाईपर्यंत घट्ट करून देतो. गिऱ्हाईक खूश. पण घट्ट टॅपेटला आवाज नसतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसल्याने जळतो. गरम झाल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर आधी टॅपेट तपासा. इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, फीलर गेजने, मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. कानाने नाही.

चाकांना तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. स्पोक दर दोन-तीन वेळा चालवल्यावर पान्ह्याने वाजवून बघा. सगळ्यांचा आवाज एकसारखा हवा, बद्द वाजला तो ढिला. एकदम पिळू नका, पाव फेरा, आणि एकाच बाजूचे सलग कसू नका, रिम आउट होते. हवा रस्त्याएवढी भरली तर टेकडीवर पकड मिळत नाही, फार कमी केली तर आपल्या पाषाणाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिरडते. मी स्वतः पुढे-मागे १५ ते १८ पौंड ठेवतो. रिम लॉक (टायर रिमला दाबून धरणारा तुकडा) नसेल तर कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तिरका होतो. व्हॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट बसवू नका, वर टोपीशी आणून ठेवा. म्हणजे व्हॉल्व्ह तिरका होताना दिसतो आणि उपटण्याआधी तुम्हाला कळतं. बाभळीचे काटे आहेतच. पिशवीत पुढच्या २१ इंची चाकाची एक ट्यूब ठेवा, अडचणीत ती मागच्या १८ इंचीत दुमडून घालून घरापर्यंत येता येतं. उलट जमत नाही.

धुण्याबद्दल मात्र मी कडक आहे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने या गाड्यांचं जेवढं नुकसान होतं तेवढं चिखलानेही होत नाही. चिमट्याचे बुश, मोनोशॉकची लिंकेज, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), चाकांचे बेअरिंग, सगळीकडे पाणी सीलच्या आत घुसतं, ग्रीस धुऊन जातं आणि बाहेरून गाडी चकचकीत दिसते. बादली, मग आणि मऊ ब्रश. चिखल ओला असतानाच भिजवून काढा. नंतर पाच मिनिटं चालू ठेवून एक चक्कर मारा, ब्रेक दाबत दाबत, म्हणजे सगळं सुकेल. फोर्कच्या ऑइल सीलमधून तेल झिरपायला लागलं तर लगेच सील बदलू नका. जुन्या एक्स-रेची पट्टी कापून सीलच्या ओठाखाली हळूच फिरवा, बहुधा अडकलेला कण निघतो आणि गळती थांबते. तांबड्या चिखलात चालवून आलात तर ब्रेक पॅड काढून बघा. हरसूलकडे एका भर पावसाच्या दिवसात अर्धा पॅड संपलेला मी पाहिलाय.

सगळं खोलून ग्रीस करायचा माझा मुहूर्त ठरलेला आहे, पाऊस ओसरल्यावर आणि खंडेनवमीच्या आधी. चिमटा, लिंकेज, कोनसेट, दोन्ही अ‍ॅक्सल. पूजेला गाडी मांडायची तर आतूनही स्वच्छ असावी असं मला मनापासून वाटतं.

पासिंग नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ स्पष्ट आहे. मळ्यापासून टेकडीपर्यंत डांबरी रस्ता मध्ये येत असेल तर तेवढ्यापुरतीही ती पिकअपमध्येच टाका. अपघात झाला तर विमा उभा राहणार नाही. अंजनेरीकडे नेण्याचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडून द्या. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. आणि शेजारच्या बागांच्या कडेने जाताना, विशेषतः जानेवारी ते मार्च, वेग कमी ठेवा. घडावर धुरळा बसला की द्राक्षाचा भाव पडतो हे तुम्हाला मी काय सांगायचं.

विकायची की ठेवायची, ते इंजिन ठरवेल. किकला ठणठणीत दाब लागतोय, गरम झाल्यावर निळा धूर नाही आणि फडक्याला धूळ आली नाही, तर ठेवा. चेनसेट, फिल्टर आणि एक पायलट जेट एवढाच खर्च आहे. धूर असेल आणि दाबही नसेल, तर पिस्टन-बोअरचा अंदाज घेऊन मगच ठरवा. या छोट्या इंजिनांचं ते काम मोठ्या गाडीच्या मानाने फार जड जात नाही, पण मॉडेलचे पार्ट मिळतात का ते आधी विचारून ठेवा.

या रविवारी एवढं करा. फिल्टर काढून आत पांढरा फडका फिरवा. कॉक बंद करून बाउलच्या तळाचा स्क्रू एका काचेच्या वाटीत सोडा आणि वाटी पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाला पाण्याचा थेंब वेगळा दिसतो का, गंजाचे तांबडे कण येतात की हिरवट चिकटा, ते आणि फडक्याचा रंग मला कळवा. स्क्रू कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, म्हणजे जेटचा नंबर सांगता येईल.